हेर, गुप्तहेर आणि ‘मोल’

एका वाचकाचा प्रश्न असा आहे : ब्रिटिश कादंबरीकार जॉन ल कारे यांच्या लेखनाविषयीच्या आणि प्रकाशनाविषयीच्या विचारांवर ते मराठीत लेख लिहीत आहेत. त्यात ‘स्पाय नॉव्हेल’ला ‘गुप्तहेरकथा’ म्हणावे की ‘हेरकथा’, आणि ल कारे यांनी सर्वतोमुखी केलेल्या ‘मोल’ (शत्रूच्या खात्यात शिरून तिथलाच नोकर म्हणून वावरणारा हेर) या इंग्रजी शब्दासाठी मराठीत काय योजावे?

‘हेरकथा’च म्हणावे. ‘गुप्तहेर’ या शब्दाचा हल्ली जो सरसकट वापर चालतो, तो ऐकून मी अक्षरशः त्रासलो आहे. खून कोणी केला याचा माग काढणारा खाजगी डिटेक्टिव्ह हाही गुप्तहेर आणि शत्रूच्या राजधानीत खोट्या नावाने वर्षानुवर्षे राहणारा माणूस हाही गुप्तहेर! पहिल्याच्या दारावर नावाची पाटी असते, कायदा त्याच्या बाजूने असतो आणि शेवटी तो सर्वांसमक्ष गुन्हेगाराचे नाव सांगतो. त्याच्यात गुप्त असे काहीच नाही. दुसऱ्याचे सारे जीवनच लपलेले असते, तेव्हा त्याच्यामागे ‘गुप्त’ हे विशेषण जोडून अर्थात काडीची भर पडत नाही. पहिल्याला ‘डिटेक्टिव्ह’ या रुळलेल्या शब्दानेच ओळखावे, त्याच्या कथेला ‘रहस्यकथा’ म्हणावे, आणि ‘हेर’ हा शब्द ज्याचा आहे त्याला परत द्यावा.

‘हेर’ची व्युत्पत्ती ‘संस्कृत हेरिक’ एवढ्या दोन शब्दांत उरकून जे कोशकार पुढे जातात, त्यांचे म्हणणे मला मुळीच मान्य नाही. अमरकोशात हेराची सात नावे आहेत : यथार्हवर्ण, प्रणिधि, अपसर्प, चर, स्पश, चार आणि गूढपुरुष. त्यांत ‘हेरिक’ नाही. तो भेटतो बाराव्या शतकातल्या हेमचंद्राच्या ‘अभिधानचिंतामणी’त, आणि हेमचंद्र हा गुजरातेत राहून देशी शब्दांचा स्वतंत्र कोश रचणारा पंडित होता. मराठीत ‘हेरणे’, गुजरातीत ‘हेरवुं’, ब्रज-अवधीत ‘हेरना’ अशी पाहण्याच्या, टेहळण्याच्या अर्थाची क्रियापदे लोकांच्या तोंडी नांदत असताना, त्यांतल्याच एखाद्या शब्दाला ‘इक’ प्रत्यय लावून पंडितांनी संस्कृतात बसवले असावे, असे माझे ठाम मत आहे. ‘हेर’ हा ‘हेरिक’चा अपभ्रंश नसून ‘हेरिक’ हाच ‘हेर’चा संस्कृत पोशाख आहे. हेरतो तो हेर. याहून सरळ व्युत्पत्ती कोणती असणार?

त्याहून आनंद देणारा शब्द ‘स्पश’ आहे. ऋग्वेदातल्या वरुणसूक्तात सोन्याचे चिलखत ल्यालेल्या वरुणाभोवती त्याचे हेर बसले आहेत : ‘परि स्पशो नि षेदिरे’. शाळेत आपण दृश् धातूला ‘पश्य’ आदेश होतो असे पाठ करतो. ते ‘पश्य’ मुळात याच स्पश् धातूचे, आरंभीचा सकार गळालेले रूप आहे. लॅटिनमधला पाहणे या अर्थाचा धातू आणि जर्मानिक भाषांतून फ्रेंचमार्गे इंग्रजीत पोचलेला ‘स्पाय’ हेही याच कुळातले आहेत. म्हणजे ‘स्पाय’, ‘स्पश’ आणि ‘हेर’ या तिन्ही शब्दांचा गाभा एकच, तो म्हणजे पाहणे. माघाने ‘शिशुपालवधा’त उद्धवाच्या तोंडी घातलेली ओळ तर शब्दप्रेमींनी पाठच करावी : ‘शब्दविद्येव नो भाति राजनीतिरपस्पशा’. पतंजलीच्या महाभाष्य या व्याकरणग्रंथाचे पहिले आह्निक, म्हणजे प्रकरण, ‘पस्पशा’. त्या पस्पशेवाचून व्याकरण शोभत नाही आणि स्पशांवाचून राजनीती शोभत नाही, हे दोन्ही अर्थ त्याने ‘अपस्पशा’ या एकाच पदात बसवले आहेत.

पाहणे हाच हेराचा धर्म आहे, हे ल कारे यांच्या विचारांच्या मुळाशी आहे, आणि म्हणून ही व्युत्पत्ती प्रश्नकर्त्यांच्या लेखालाही उपयोगी पडेल. 1966 साली बीबीसीवरील मुलाखतीत त्यांनी जेम्स बाँडला हेरसाहित्यात धरणेच चूक असल्याचे सांगितले होते. कौटिल्यानेही हा भेद केला आहे. त्याच्या गूढपुरुषांत कपटी शिष्य, व्यापारी, तापस असे एका जागी बसून पाहणारे आहेत आणि शस्त्र चालवणारा ‘तीक्ष्ण’ वेगळा आहे. बाँड हा तीक्ष्ण आहे; ल कारे यांच्या कादंबऱ्यांतला जॉर्ज स्मायली हा खरा हेर आहे.

खरे ‘गुप्त’ होते ते लेखकाचे नाव. ल कारे, म्हणजे मूळचे डेव्हिड कॉर्नवेल, हे ब्रिटिश गुप्तचर खात्यात नोकरीस असल्याने स्वतःच्या नावाने पुस्तक छापू शकत नव्हते, म्हणून 1961 च्या पहिल्या कादंबरीपासून त्यांनी टोपणनाव घेतले. 1963 साली गोलान्झ या प्रकाशनसंस्थेने ‘द स्पाय हू केम इन फ्रॉम द कोल्ड’ प्रसिद्ध केली, तीही खात्याने वाचून संमती दिल्यावरच. हे कल्पित आहे, यातून कोणतेही गुपित फुटत नाही, म्हणून खात्याने ती जाऊ दिली. वाचकांनी आणि समीक्षकांनी मात्र तीच हेरगिरीची खरी हकिकत मानली. या गैरसमजाविषयी ल कारे यांनी पुढे सविस्तर लिहिले आहे.

आता ‘मोल’. इंग्रजीत हे मुळात जमीन पोखरणाऱ्या एका प्राण्याचे नाव. त्याचे भाषांतर ‘तीळ’ करणाऱ्यांनी दुसरा अर्थ उचलला आहे, आणि ‘चिचुंद्री’ म्हणणाऱ्यांनी दुसरा प्राणी. हा शब्द ल कारे यांच्या 1974 च्या कादंबरीने रूढ केला असला, तरी सातव्या हेन्रीच्या चरित्रात फ्रान्सिस बेकन यांनी 1622 मध्येच तो अशा छुप्या पोखरणाऱ्यांसाठी वापरला होता. ‘घरभेद्या’ आणि ‘अस्तनीतला निखारा’ हे आपले प्रयोग सुंदर आहेत, परंतु त्यांत आधी आपला असलेला माणूस उलटल्याचा भाव आहे, ‘फितूर’चेही तेच. मोल फिरलेला नसतो, तो प्रथमपासून दुसऱ्याचाच असतो आणि पगार मात्र आपल्याकडून घेतो. किम फिल्बी ब्रिटिश खात्याचा पगार घेत सोव्हिएत संघासाठी काम करत होता, ते असेच. यासाठी कौटिल्याच्या ‘अर्थशास्त्रा’त नेमका शब्द आहे, ‘उभयवेतन’ : आपला हेर शत्रूच्या चाकरीत शिरतो आणि दोन्हीकडून वेतन घेतो. त्याला ‘डबल एजंट’साठी खर्ची घालू नये, ‘मोल’साठी राखून ठेवावे. हा उभयवेतन मनाने आपलाच राहावा म्हणून त्याची बायकामुले राजाने आपल्या ताब्यात ठेवावीत, असेही कौटिल्याने तेथेच लिहून ठेवले आहे.