भाजी मंडईत ठरते, खोलीवर नाही

प्रिय पोरी,

तुझा मेसेज वाचला, रिपोर्टचा फोटोही बघितला. हिमोग्लोबिन 9.6. त्याखाली तुझी यादी: ब्रोकोली, ॲव्होकॅडो, केल, मशरूम, लाल-पिवळी सिमला मिरची. आणि खाली प्रश्न, "काकू, आठवड्याला दोनशे रुपयांत यातलं काय काय बसेल?"

काही बसणार नाही. आणि बसवायचा खटाटोपही करू नकोस. ज्यानं ती यादी केली त्यानं साताऱ्याची मंडई कधी बघितलेली नाही, आणि तू रोज तिच्या शेजारून पळायला जातेस.

आधी गोळ्यांचं. डॉक्टरांनी लिहून दिलेल्या लोहाच्या गोळ्या त्यांनी सांगितलंय तोवर घ्यायच्या. बाईमाणसाचं हिमोग्लोबिन 12 च्या खाली असलं की रक्त कमी असं धरतात, 9.6 वरून नुसती मेथी खाऊन तू वर येशील असं मी म्हणणार नाही. सरकारच्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या 15 ते 49 वयाच्या दर शंभर बायकांमागे 57 जणी याच रांगेत निघाल्या होत्या, 2019-21 ची गोष्ट. म्हणजे लाजायचं काही नाही, पण चालायचंच म्हणून सोडूनही द्यायचं नाही. गोळ्या तुला वर काढतील. पुन्हा खाली येऊ नयेस म्हणून ताट बदलायचं आहे, आणि ते मी सांगू शकते.

सांगायचं एकच आहे आणि ते मी या पत्रात चार वेळा सांगणार आहे. भाजी मंडईत ठरते, खोलीवर नाही. खोलीत बसून "आज फ्लॉवर" असं ठरवून गेलीस की फ्लॉवर साठ असो की ऐंशी, तू तो घेणार, आणि शेजारी दहाला पडलेला चाकवत तुला दिसणारही नाही. राजवाड्याकडच्या मंडईत शिरलीस की पहिली फेरी रिकाम्या हातानं मार. पिशवी उघडायची नाही. गाळ्यांवर बघू नकोस, कडेला जमिनीवर पोतं अंथरून बसलेल्या बायकांकडे बघ. परळी खोऱ्यातून, जावळीतून, कोरेगावकडून आलेल्या असतात. एकच भाजी पाच-सहा जणींच्या पुढ्यात ढिगानं दिसली की समज, ती आत्ता रानात मायंदाळ आहे. म्हणून ती ताजी, म्हणून ती स्वस्त, आणि ताजी असल्यामुळे तिच्यातलं सत्त्वही शाबूत. तीन ठिकाणी भाव विचार. मग पिशवी उघड.

तू म्हणशील, पण काकू, स्वस्त भाजीत दम असतो का? हा प्रश्न ऐकला की माझं डोकं फिरतं. माझ्या मेसमध्ये एक नर्सिंगची मुलगी जेवायची. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं 2017 साली भारतीय अन्नपदार्थांचे तक्ते काढले, त्यातल्या पालेभाज्यांच्या पानाची प्रिंट तिनं मला आणून दिली होती. ती मी ओट्याच्या वर चिकटवली होती, फोडणीचे डाग पडेपर्यंत. सगळे ज्याचं नाव घेतात त्या पालकात शंभर ग्रॅममागे लोह 3 मिलिग्रॅमच्या आसपास. मेथीत साडेपाचच्या वर. लाल माठात सातच्या पुढे. कॅल्शियम बघ: पालकात 80 च्या घरात, मेथीत 270 च्या, शेवग्याच्या पाल्यात 300 च्या वर. त्यातून पालकातलं ऑक्झॅलेट ते कॅल्शियम धरून ठेवतं, अंगाला फारसं लागू देत नाही. पालक वाईट नाही. पण पालक महाग असेल त्या दिवशी रडत बसायचं कारण नाही, एवढंच.

आणि शेवग्याचा पाला तर विकतही घ्यावा लागत नाही. तुमच्या घरमालकांच्या कंपाउंडला झाड आहे, मी बघितलंय. शेंगा त्यांच्या, पाला मागून घे. कोवळी पानं ओरबाडून, मूठभर मुगाच्या डाळीत शिजवायची. इंडक्शनवर वीस मिनिटांत होतं.

थंडीत मेथी, चाकवत, हरभऱ्याचा कोवळा पाला, करडई, पाल्यासकट मुळा, पावटा. मुळ्याचा पाला टाकून नुसता मुळा आणणाऱ्या मुली मी बघितल्यात, त्यांना काय बोलावं! उन्हाळ्यात पालेभाजी चढते, तेव्हा शेवग्याच्या शेंगा, गवार, दुधी, आणि आंबटाला कैरी. पाऊस लागला की मेथी-कोथिंबिरीच्या नादाला लागू नकोस. ती चिखलानं सडते आणि भाव आभाळाला. तेव्हा तांदुळजा, दोडका, घोसाळी, कारली. टोमॅटो 2023 च्या जुलैत शंभरच्या पार गेला होता तेव्हा लोक असे हवालदिल झाले होते की जणू टोमॅटोशिवाय आमटीच होत नाही. चिंच कशासाठी आहे? आणि लाल भोपळा बारा महिने. फोड घेऊ नकोस, रूममेटबरोबर मिळून छोटा अख्खा घे, न चिरलेला कितीतरी दिवस टिकतो. हे पाठ करू नकोस मात्र. पाठ केलंस की पुन्हा यादी झाली, आणि भाजी यादीत ठरत नाही, मंडईत ठरते.

आता शिजवण्याचं, कारण विकत घेतलेलं अर्धं तिथेच वाया जातं. पालेभाजी आधी धुवायची, मग चिरायची. चिरून धुतलीस तर जीवनसत्त्व मोरीत गेलं. उकळून पाणी ओतून द्यायचं नाही. बिडाची कढई घे, जुन्या बाजारात मिळेल, इंडक्शनवर चालते. तिच्यात चिंच-टोमॅटो घातलेलं कालवण केलं की थोडं लोह कढईतूनही उतरतं. भाजी काळपट दिसते, दिसू दे. झाली की लगेच दुसऱ्या भांड्यात काढ. फोडणीला तेल हवंच, पानांतलं कॅरोटिन तेलाशिवाय नीट अंगी लागत नाही, वरून शेंगदाण्याचं कूट. आणि ताटात लिंबाची फोड. भाजीतलं लोह शरीर मोठ्या नखऱ्यानं घेतं. आंबट सोबत असलं की घेतं, चहा सोबत असला की नाही. तू जेवल्याजेवल्या टपरीवर जातेस ते बंद. तासभर थांब. गोळीलाही हाच नियम.

सकाळ-संध्याकाळ मिळून फळं-भाज्या किमान 400 ग्रॅम पोटात जायला हव्यात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. मेसच्या डब्यातली ती चमचाभर बटाट्याची भाजी त्यात धरू नकोस. संघटनाही बटाटा धरत नाही.

तुला वाटत असेल काकू उगाच हटून बसल्यात. बसलेय. माझी मेस याच हट्टावर चालली आणि याच हट्टावर बंद पडली. रोज सकाळी मी स्वतः मंडईत जायची, आणि जे उतरलेलं असेल त्याचं कोरड्यास संध्याकाळी ताटात. पोरं म्हणायची, "काकू, आज पण पाला?" गल्लीत दुसरी मेस निघाली, तिथे आठवड्यातून दोनदा पनीर. एकेक करून गेली. मला पनीर करता येत नव्हतं का? दर वाढवले असते, भाजी अर्धी केली असती, पनीरचे चार तुकडे तरंगवले असते, आजही मेस चालू असती. पण माण-खटावकडची पोरं होती ती, घरून आलेल्या मोजक्या पैशात महिना काढणारी. त्यांच्याकडून जास्त घेऊन कमी खायला घालायचं, हे मला जमलं नाही. मेस गेली याची खंत आहे, अजून आहे. पाला बदलला नाही याची नाही. त्यातला एकही अजून येऊन म्हणालेला नाही की काकू, तुमचं बरोबर होतं. मी वाटही बघत नाही. थोडी बघते.

असो. तुझं आठशे मीटर तुला पळायचं आहे, माझी मेस तुला उघडायची नाही.

प्रथिनांचंही विचारलं होतंस. रविवारी कोरेगावचा वाघ्या घेवडा भिजत घाल. त्याला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा लोकांना तो दिसायला लागला, आम्ही जन्मभर खातोय. रात्रभर भिजवून, ते पाणी टाकून, कुकरला पूर्ण मऊ होईपर्यंत शिजव. ही राजम्याची जात आहे, अर्धकच्ची राहिली तर पोट बिघडवते. बाकीचे दिवस मटकीला मोड आण. हे दोन्ही भाजीच्या जागी नाही, भाजीच्या जोडीला.

मग दोनशे रुपयांत आठवड्याचं भागेल का? तुझे दोनशे आणि रूममेटचे दोनशे एकत्र केले तर दोघींचं आरामात. पालेभाजी एकटीनं आणू नकोस, एक पेंडी एकीला संपत नाही, उरते आणि पिवळी पडते. शेपूला ती नाक मुरडते म्हणालीस. मुगाची डाळ जास्त आणि लसूण ठेचून घाल, खाईल. नाही खाल्ली तर तिला दुसऱ्या दिवशी मंडईत ने आणि म्हण, तू ठरव. पण तिथे उभी राहून ठरव म्हण, खोलीवर नाही.

सकाळी वेळ नसेल तर संध्याकाळी दिवेलागणीनंतर जा. बायकांना शेवटची गाडी गाठायची असते, उरलेल्या पेंड्या कमी भावात देतात. तेव्हा घासाघीस करू नकोस, भाव आधीच पडलेला असतो. पेंडी उलटी करून देठांची टोकं बघ, काळी-चिकट नसली की झालं. वरच्या पानावर पाणी मारलेलं असतं, त्यावर जाऊ नको. पिशवी कापडाची ने. आल्यावर मुळं छाट, न धुता कोरड्या फडक्यात गुंडाळून ठेव, आणि दुसऱ्या दिवसापर्यंत संपव.

गेलीस की काय मिळालं आणि कितीला, ते कळव. पंधरवडाभरानं भाव पुन्हा बदलतील.

तुझी,
मेसवाली काकू