देवळीहून श्टुटगार्टला येतोस, तर आधी मीटिंग शोध, मग खोली

भाऊ, तुझा मेसेज दोनदा वाचला. आयटीआय केलेला इलेक्ट्रिशियन, १४ महिने दारूला हात नाही, दर रविवारी एसटीने वर्ध्याला एएची (अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, दारू सोडणाऱ्यांचा आपसातला गट) मीटिंग, आणि आता श्टुटगार्टजवळ नोकरी. तिकडे एए आहे का, जर्मन जेमतेम येतं मग बसून काय उपयोग, आणि कंपनीला कळलं तर काय, असं तू विचारलंस. मी सहा वर्षं इकडे आहे. मीही त्यातलाच, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी एक सांगतो. गाव सुटलं की दारू सुटेल, असं मला वाटायचं. अरे, आपला जिल्हा दारूबंदीचा, तरी मी प्यायलोच की! मोहाची घरपोच यायची, इंग्लिश लागली तर पुलगावचा पूल ओलांडला की अमरावती जिल्हा. बंदीमुळे मी फक्त लपून प्यायला शिकलो. इकडे लपायचं कोणापासून? किराणा दुकानात पाण्याच्या बाटल्यांशेजारी बिअर, पेट्रोलपंपावर बिअर, आणि १६ वर्षांच्या पोराला ती कायद्याने मिळते. गावात निदान "पेला का रे आज?" असं विचारणारी आजी होती. इथे खोलीचं दार लावलं की कोणी विचारत नाही.

एए आहे, आणि भरपूर आहे. जर्मनीत 'आनोनिमं आल्कोहोलिकर' म्हणतात. त्यांच्या संकेतस्थळावर गावाचं नाव टाकलं की जवळच्या मीटिंगा, वार आणि वेळ दिसते. 'ओफन' लिहिलं असेल तर कोणीही बसू शकतं, 'गेश्लोसन' म्हणजे फक्त ज्यांना दारू सोडायची आहे ते. तुला दोन्ही चालतात. श्टुटगार्टमध्ये इंग्रजी मीटिंगही होतात. हे सगळं विमानात बसायच्या आधी कागदावर लिहून ठेव. खोली शोधतानाही एस-बानचं (इथली लोकल) स्टेशन मीटिंगच्या जागेपासून किती लांब ते बघ. मी हे केलं नाही, म्हणून पहिले दोन महिने रोज 'पुढच्या आठवड्यात जाऊ' चाललं होतं.

गावाकडची ऑनलाइन मीटिंग सोडू नको, पण तिच्यावरच विसंबू नको. हिवाळ्यात आपल्यात साडेचार तासांचं अंतर, उन्हाळ्यात साडेतीन. हिवाळ्यात तिकडे रात्री आठला सुरू होते तेव्हा इकडे दुपारचे साडेतीन, आणि तू शिडीवर.

भाषेचं म्हणशील तर, माझी पहिली मीटिंग चर्चच्या तळघरात होती. (चर्च फक्त जागा देतं, धर्माशी संबंध नाही.) गोल मांडलेल्या खुर्च्या, थर्मासमधली कडू कॉफी, आठ-दहा म्हातारे आणि मी. वीस मिनिटांत एक अक्षर कळलं नाही. मग एकाने 'हॉयटे' म्हटलं, आणि तोच शब्द पुन्हा पुन्हा येऊ लागला. हॉयटे म्हणजे आज. आपलं 'फक्त आजचा दिवस'! शेवटी हात धरून प्रार्थना झाली, तिची चाल ऐकूनच ओळखली. माझी पाळी आली तेव्हा नाव आणि 'इश बिन आल्कोहोलिकर' (मी दारूचा व्यसनी आहे) एवढंच बोललो. तेवढं पुरतं. फी नाही, हजेरीपट नाही. टोपी फिरते, वाटलं तर युरो-दोन युरो टाक.

हजेरीपटच नाही तर कंपनीला कोण सांगणार? डॉक्टरने आजारपणाची रजा दिली तरी कंपनीला दिवस कळतात, आजार नाही. 'झुख्टबेराटुंग' नावाची व्यसन सल्ला केंद्रंही आहेत, मोफत, आणि ऐकलेलं गुप्त ठेवणं तिथल्यांना बंधनकारक आहे.

खरा धोका कामाच्या ठिकाणी आहे, आणि तो प्रेमाने येतो. शुक्रवारी सुटताना 'फायरआबेंड'ची, म्हणजे काम संपल्याची, बिअर. वाढदिवस ज्याचा, केक त्यानेच आणायचा. आणि आपल्या या भागातला प्रसिद्ध ब्लॅक फॉरेस्ट केक चेरीच्या दारूत भिजवलेला असतो. आधी विचार, मग घास घे. मी फसलो ते 'आल्कोहोलफ्राय', म्हणजे बिनअल्कोहोलच्या, बिअरला. त्यात अर्ध्या टक्क्यापर्यंत अल्कोहोल असलं तरी इथे तसं लिहिता येतं. 'शून्य' लिहिलेलीही मिळते, पण माझं भांडण टक्क्याशी नव्हतंच, चवीशी होतं. तीन महिने तीच पीत राहिलो, आणि एका शुक्रवारी बाटली बदलली. कोणी बळजबरी केली नाही, मीच उचलली.

मंगळवारी मीटिंगला जाऊन सांगितलं. कोणी हळहळलं नाही. शेजारच्या म्हाताऱ्याने कॉफीचा कप माझ्याकडे सरकवला, बस. माझा पिण्यात एकच दिवस गेला होता. तुझे सलग काही दिवस पिण्यात गेले, तर खोलीत एकटा अचानक बंद करू नको. आकडी येऊ शकते, जीवावर बेतू शकतं. सरळ डॉक्टरकडे जा.

वहिनी मागे देवळीत राहणार ना? त्यांच्यासाठी अल-अनॉन आहे, पिणाऱ्यांच्या घरच्यांचा वेगळा गट. वर्ध्याच्या मीटिंगमध्येच निघण्याआधी चौकशी कर, आणि पहिल्या वेळी तू स्वतः त्यांना सोडायला जा.

तिकीट झालं की तारीख कळव. मंगळवारी सात वाजता मी तिथेच असतो, तुझी खुर्ची धरून ठेवतो. येताना जवसाची चटणी आण, इथे मिळत नाही.