कारवी आणि कुरिंजी

प्रश्न : 2018 साली मुन्नारला नीलकुरिंजी फुललेली पाहिली. आमच्या मुरबाडकडच्या कारवीसारखीच वाटली. मग ती धोक्यात आणि कारवी नाही, असं का? पुढच्या बहराचं बी आणून इथे लावलं तर?
– एक वाचक, मुरबाड

उत्तर : तुमची नजर पक्की आहे. दोन्ही स्ट्रोबिलँथिस नावाच्या झुडपांच्या गोतातल्या. आयुष्यात एकदाच फुलायचं, बी धरायचं आणि वाळून जायचं, ही दोघींची रीत. कारवीला त्यासाठी सात-आठ वर्षं लागतात, कुरिंजीला बारा. तुम्ही पाहिलीत ती 2006च्या बहराची लेकरं. आता थेट 2030.

माझ्या आजोळच्या भिंती कारवीच्या कुडाच्या होत्या. काठ्या उभ्या बांधायच्या, वर शेणमातीचा लिंपा. बहरानंतर वाळलेल्या कारवीच्या मोळ्या आजी स्वतः आणायची, आणि पावसाच्या तोंडावर रानात बोंडं तडतडायला लागली की म्हणायची, "पेरणी झाली हो डोंगराची." तो आवाज अजून माझ्या कानात आहे.

कारवीला जागेचे फार लाड लागत नाहीत. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातल्या टेकड्यांपासून भीमाशंकरच्या रानापर्यंत, उतारावर, झाडांच्या सावलीत, ती दाटून वाढते. म्हणून धोक्यातल्या वनस्पतींत तिचं नाव नाही. कुरिंजीला मात्र दक्षिणेतल्या डोंगरमाथ्यावरचा गार, उघडा गवताळ उतारच हवा, साधारण 1340 ते 2600 मीटर उंचीवरचा. नेमकी तीच जमीन चहाच्या मळ्यांनी, निलगिरीच्या झाडांच्या आणि वॅटल या परदेशी बाभळीच्या लागवडीने, वाढत्या वस्तीने घेतली. जमीन गेली की तिला दुसरीकडे सरकायला जागाच उरत नाही. मुन्नारजवळ तिच्यासाठी 2006मध्ये कुरिंजीमला अभयारण्य झालं, तरी 2024मध्ये आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संघटनेच्या लाल यादीत तिची नोंद 'असुरक्षित' अशी झाली. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीतही ती आहे; रानातून तोडणं, उपटणं गुन्हा आहे.

तेव्हा बी आणू नका. मुरबाडचा वैशाख तिला सोसायचा नाही आणि तिकडचं एकेक बी तिकडेच रुजायला हवं. पर्यटक डहाळी तोडून केसांत माळतात तेव्हा माझा जीव तुटतो. त्या झुडपाला पुढचा हंगाम नसतो हो!

तुमच्याकडून मला एक हवंय. कारवीची फुलायची पाळी डोंगराडोंगराला वेगळी असते. तुमच्या गावामागचा डोंगर कोणत्या साली फुलला, म्हाताऱ्या माणसांना विचारून वहीत लिहा आणि मला कळवा.