धीर किती धरायचा? नॉर्थ मेलबर्नच्या चाहत्यांची पत्रे

ऑस्ट्रेलियन फुटबॉल लीगचा 2025 चा हंगाम संपला आणि पुढील वर्षाच्या सदस्यत्वाची स्मरणपत्रे घरोघरी येऊ लागली, तसा या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा सूरही बदलला. एरवी नियम, तिकिटे आणि मुलांचे ऑसकिक (लहानांसाठीचे फुटबॉलचे वर्ग) यांविषयी विचारणारे वाचक या वेळी रागावलेले आहेत आणि बहुतेकांचा राग नॉर्थ मेलबर्न या एकाच क्लबवर आहे. मीही 1996 च्या विजेतेपदापासून याच क्लबचा आहे, हे आधीच सांगतो; पुढील उत्तरे ते ध्यानात ठेवून वाचावीत.

प्रश्न : आम्ही चौघे 2019 पासून नॉर्थचे सदस्य आहोत. दर सामन्याला टार्नीटहून आगगाडीने सदर्न क्रॉसला उतरतो, पूल ओलांडून डॉकलंड्सच्या मैदानावर जातो आणि बहुतेक वेळा मान खाली घालून परत येतो. 54 गुणांची आघाडी घेऊनही कॉलिंगवूडकडून एका गुणाने हरलो, त्या दिवशी पत्नी म्हणाली की आता पुरे झाले. यंदा पैसे भरावेत की नाही? (टार्नीट)

उत्तर : 16 जून 2024 चा तो दिवस मलाही विसरता आलेला नाही. 54 गुण म्हणजे नऊ गोल. एवढी आघाडी हातातून निसटताना मैदानात जी शांतता पसरते, ती नेहमीच्या पराभवाच्या शांततेहून वेगळी असते. माझ्या पुढच्या रांगेत एक वयस्क गृहस्थ होते. शेवटचा भोंगा झाल्यावर ते उठले नाहीत. गळ्यातला निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा मफलर काढून, मांडीवर पसरून, कडांना कडा जुळवून ते त्याची घडी घालत राहिले आणि तेवढा वेळ ध्वनिक्षेपकावर कॉलिंगवूडचे गाणे वाजत होते. आपल्या खेळात सामन्यानंतर जिंकणाऱ्या संघाचेच गाणे वाजते, हे आपण जाणताच. 2023 मध्ये नॉर्थने पहिले दोन सामने जिंकले, नंतर सलग 20 गमावले आणि शेवटच्या फेरीत गोल्ड कोस्टला हरवले. म्हणजे मार्चमध्ये ऐकलेले आपले गाणे पुन्हा कानावर पडायला ऑगस्टची अखेर उजाडली.

आपला राग रास्त आहे, हे आकडेच सांगतात. 2020 मध्ये 3 विजय, 2021 मध्ये 4, 2022 मध्ये 2, 2023 आणि 2024 मध्ये प्रत्येकी 3 आणि 2025 मध्ये 5. सहा हंगामांतील 130 सामन्यांत मिळून 20 विजय झाले आणि 18 संघांच्या गुणतक्त्यात क्लब एकदाही सोळाव्या क्रमांकाच्या वर गेला नाही. शिवाय 2012 पासून काही घरचे सामने होबार्टला होतात आणि 2025 मध्ये बनबरी आणि पर्थ येथेही झाले. मेलबर्नमध्ये राहून वर्गणी भरणाऱ्या माणसाला जिंकणे तर नाहीच, पण मैदानात जाऊन हरणे पाहण्याची संधीही कमी मिळते. हे सामने पैशासाठी बाहेर नेले जातात आणि क्लबला त्या पैशाची गरज आहे, हे मला समजते; तरीही सदस्याला ते खुपणारच.

असे असूनही मी स्वतः वर्गणी भरणार आहे, आणि त्याचे कारण निष्ठेपेक्षा इतिहासात आहे. 1996 मध्ये फिट्झरॉय हा शंभरी ओलांडलेला क्लब पैशाअभावी ब्रिस्बेनमध्ये विलीन झाला; त्याआधी त्याच्या विलीनीकरणाची बोलणी नॉर्थशीच चालली होती. 2007 मध्ये लीगने नॉर्थला गोल्ड कोस्टला स्थलांतर करण्यासाठी मोठी आर्थिक मदत देऊ केली, आणि त्या डिसेंबरमध्ये संचालक मंडळाने ती नाकारली. तो नकार पेलला तो सदस्यांच्या बळावर. सदस्यसंख्या घटली की असे प्रस्ताव पुन्हा येतात, हे आम्ही जुन्या लोकांनी पाहिले आहे.

पत्नीचे म्हणणेही मी बाजूला सारणार नाही. चौघांचे वर्षभराचे सदस्यत्व घरखर्चात जड जात असेल, तर मोजक्या सामन्यांचे सदस्यत्व घ्यावे. त्यात कमीपणा नाही. फक्त अर्ज भरण्यापूर्वी मतदानाचा हक्क कोणत्या सदस्यत्वाला आहे, हे क्लबला विचारून घ्यावे आणि घरातील निदान एकाकडे तो हक्क राहील असे पाहावे. हरण्याने माणूस जितका थकत नाही, तितका तो वर्षानुवर्षे ‘धीर धरा’ एवढेच ऐकून थकतो. कशासाठी, किती काळ आणि कोणत्या खुणा पाहून धीर धरायचा, याचा हिशेब मागण्याची जागा वार्षिक सर्वसाधारण सभा आहे आणि तिथे मताला किंमत असते.

प्रश्न : माझी मुलगी मेलबर्नला असते आणि जावई नॉर्थचे चाहते आहेत. आयपीएल पाहणाऱ्या मला एक कोडे सुटत नाही. तळाच्या संघाला सर्वांत गुणी तरुण खेळाडू आधी निवडता येतात, असे ते सांगतात. मग हा संघ वर का येत नाही? (पुणे)

उत्तर : आयपीएलमध्ये पैसे मोजून तयार खेळाडू घेता येतो, इथे तसा लिलाव नाही. दरवर्षी हंगामानंतर ‘ड्राफ्ट’ होतो, त्यात साधारणपणे तळाचा संघ प्रथम निवड करतो आणि निवडली जाणारी मुले बहुतेक 18 वर्षांची असतात. शाळेतून नुकताच बाहेर पडलेला मुलगा 27 वर्षांच्या भरलेल्या अंगाच्या खेळाडूशी चेंडूसाठी झोंबतो, प्रचंड मोठ्या मैदानावर चार सत्रे धावतो, आणि तिसऱ्या सत्राअखेर त्याचे पाय जड होतात. अशी पाच-सहा मुले एकाच वेळी संघात असली की आघाड्या निसटतात. त्यांना आधार द्यायला मधल्या वयाचे खेळाडू लागतात, आणि नॉर्थचे घर नेमके तिथेच रिकामे झाले.

याची सुरुवात माझ्या मते 2016 मध्ये झाली. त्या वर्षी संघाने पहिले नऊच्या नऊ सामने जिंकले, मग घसरत आठव्या क्रमांकावर येऊन बाद फेरीच्या पहिल्याच सामन्यात ॲडलेडकडून हार पत्करली. त्यानंतर आजवर नॉर्थ बाद फेरीत गेलेला नाही. त्याच हंगामाच्या शेवटी 432 सामने खेळलेला ब्रेंट हार्वी, ड्रू पेट्री, निक दाल सांतो आणि मायकेल फिरितो या चौघांना क्लबने एकदमच निरोप दिला. वय झाले होते हे खरे, पण घरातले चार कर्ते एकाच दिवशी उंबरा ओलांडून गेले आणि मागे राहिलेल्या पोरांना वळण लावणारे कोणी उरले नाही.

ड्राफ्टमध्ये मिळालेला खेळाडू टिकतोच, असेही नाही. 2021 च्या ड्राफ्टमध्ये पहिल्या क्रमांकाने घेतलेला जेसन हॉर्न-फ्रान्सिस एकाच हंगामानंतर पोर्ट ॲडलेडला निघून गेला. 2024 च्या ड्राफ्टच्या वेळी क्लबने 2025 ची आपली पहिल्या फेरीची निवड, म्हणजे खेळाडू घेण्याची पाळी, रिचमंडला देऊन टाकली. सतत तळाशी राहणाऱ्या संघाने पुढच्या वर्षीची मौल्यवान निवड आधीच सोडावी, हे मला तेव्हाही पटले नव्हते आणि सोळाव्या क्रमांकावर हंगाम संपल्यावर तर मुळीच पटत नाही. उलट त्याच सुमारास लूक पार्कर, कॅलेब डॅनियल आणि जॅक डार्लिंग या अनुभवी खेळाडूंना आणले, ते मात्र योग्य झाले. तिघांनीही आपापल्या जुन्या क्लबांकडून अंतिम सामना जिंकलेला आहे, आणि हॅरी शीझल, जॉर्ज वॉर्डलॉ, फिन ओ'सुलिव्हन यांसारख्या तरुणांना सरावात रोज अशी माणसे शेजारी दिसायला हवीत. ते आले, पण चार-पाच वर्षे उशिरा आले. जावयांना सांगावे की त्यांची चिडचिड अज्ञानातून आलेली नाही.

प्रश्न : ॲलिस्टर क्लार्कसन यांच्या नावामागे हॉथॉर्नची चार विजेतेपदे आहेत. पण आमच्याकडे येऊन तीन हंगाम झाले आणि आम्ही आहोत तिथेच आहोत. आता प्रशिक्षक बदलायला नको का? (पॉइंट कुक)

उत्तर : माझे मत ‘आता नको’ असे आहे, आणि ते मी सहज दिलेले नाही. 2019 च्या हंगामाच्या मध्यावर ब्रॅड स्कॉट यांनी प्रशिक्षकपद सोडले. नंतर ऱ्हाइस शॉ आले, ते 2020 नंतर गेले. डेव्हिड नोबल 2022 च्या जुलैत गेले. क्लार्कसन स्वतः 2023 मध्ये स्वास्थ्याच्या कारणाने काही काळ दूर होते आणि ब्रेट रॅटन यांनी धुरा सांभाळली. दर वेळी नवा माणूस, नवी पद्धत, नवी भाषा. 2017 च्या ड्राफ्टमध्ये आलेल्या लूक डेव्हिस-युनियाकसारख्या खेळाडूने हे सगळे सोसले आहे. अशा क्लबला आणखी एक फेरबदल औषध ठरेल, असे मला वाटत नाही.

धीर फळाला आल्याची दोन उदाहरणे आपल्या डोळ्यांदेखत घडली आहेत. रिचमंडमध्ये डेमियन हार्डविक यांनी 2010 मध्ये सुरुवात केली ती सलग नऊ पराभवांनी. 2016 मध्ये संघ तेराव्या क्रमांकावर गेला, सदस्यांतल्या एका गटाने संचालक मंडळ उलथवण्याची तयारी केली, तरी क्लबने हार्डविकना ठेवले, आणि 2017 मध्ये 37 वर्षांचा दुष्काळ संपला. ब्रिस्बेनमध्ये ख्रिस फेगन यांचा पहिला हंगाम, 2017 चा, गुणतक्त्याच्या तळाशी संपला. दुसऱ्यातही पाचच विजय मिळाले. तिसऱ्यात संघ एकदम दुसऱ्या क्रमांकावर गेला, आणि 2024 आणि 2025 ची विजेतेपदे त्याच फेगन यांच्या हाताखाली आली.

पण ही उदाहरणे क्लार्कसन यांच्या बाजूने द्यायची, तर त्यांचा दुसरा अर्धाही सांगितला पाहिजे. फेगन यांचा तिसरा हंगाम बोलका होता. क्लार्कसन यांचा तसा नव्हता. तीन हंगामांतील 69 सामन्यांत 11 विजय, हा हिशेब जुन्या कीर्तीच्या आड लपत नाही. 2025 मध्ये याच संघाने पुढे विजेता ठरलेल्या ब्रिस्बेनशी बरोबरी साधली, म्हणजे ताकद नाही असे नाही. ती आठवड्यामागून आठवडे टिकत नाही. 2026 मध्ये मी विजयांइतकेच पराभव किती गुणांनी होतात हे पाहणार आहे, आणि मैदानाच्या मध्यावर चेंडू वर उडवून खेळ सुरू झाल्यानंतर प्रतिस्पर्धी किती सहज गोलपर्यंत पोहोचतो हे पाहणार आहे. त्यातही सुधारणा दिसली नाही, तर आपला प्रश्न मीच सभेत विचारीन.

प्रश्न : पराभवानंतर काही चाहते तरुण खेळाडूंना समाजमाध्यमांवर वाटेल ते लिहितात. पैसे मोजणाऱ्याला एवढा हक्क नाही का? (ट्रुगनिना)

उत्तर : नाही. संघात कोण असावे, कोणाला सोडावे, कोणती निवड विकावी, हे एकोणीस वर्षांचा मुलगा ठरवत नाही. ज्यांनी ठरवले त्यांची नावे क्लबच्या वार्षिक अहवालात असतात. पत्र त्यांना लिहावे.

प्रश्न : माझा मुलगा दहा वर्षांचा आहे. नॉर्थची टोपी घालून शाळेत गेला की मुले चिडवतात, आणि मागच्या हंगामात तो दोनदा रडत घरी आला. आम्हाला या खेळातले फारसे कळत नाही. क्लबही त्याने कांगारूच्या चित्रावरून निवडला होता. त्याला दुसरा क्लब घ्यायला सांगू का? (वेरिबी)

उत्तर : ताई, आपले पत्र मी दोनदा वाचले. इथल्या मुलांना क्लब बहुधा आजोबांकडून मिळतो. आपल्या मुलांना तो स्वतःच शोधावा लागतो, आणि म्हणूनच कांगारूच्या चित्रावरून केलेली ती निवड मला हलकी वाटत नाही. ती त्याची स्वतःची आहे. ती आपण बदलायला लावू नये. त्याला बदलावीशी वाटली तर मात्र अडवू नये आणि नंतर कधी त्यावरून बोलूही नये. रडला तर रडू द्यावे. ‘खेळच तर आहे’ असे त्याला सांगू नका, कारण त्याच्यासाठी तो तेवढाच नाही.

एक गोष्ट मात्र अवश्य करावी. याच क्लबचा, याच निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा महिला संघ आहे, आणि आज त्याच्या तोडीचा संघ लीगमध्ये नाही. 2023 च्या अंतिम सामन्यात तो ब्रिस्बेनकडून हरला. 2024 च्या हंगामात एका बरोबरीशिवाय सर्व सामने जिंकून तो विजेता ठरला. 2025 मध्ये एकही सामना न गमावता पुन्हा विजेता ठरला, आणि दोन्ही अंतिम सामन्यांत समोर ब्रिस्बेनच होते. प्रशिक्षक डॅरन क्रॉकर हे नॉर्थचेच जुने खेळाडू आहेत. पुरुष संघाने वारंवार माणसे बदलली त्या वर्षांत या संघाने आपला गाभा जपला, आणि उत्तर शोधायला क्लबला फार लांब जावे लागणार नाही असे मला मनापासून वाटते. चिडवणाऱ्या मुलांना सांगायला आपल्या मुलाकडे दोन चषक आहेत, हे त्याला कोणी सांगितले आहे का?

महिलांचा हंगाम ऑगस्टमध्ये सुरू होतो. आर्डन स्ट्रीटच्या मैदानावर सामना असेल तेव्हा त्याला घेऊन जा, अर्धा तास लवकर पोहोचा आणि कुंपणाला लागून जागा धरा. तिथे खेळाडूंचे एकमेकींना दिलेले हाकारे ऐकू येतात. टोपी आणि जाड शाईचे पेन सोबत असू द्या, कारण सामना संपल्यावर खेळाडू कुंपणाशी येतात. आणि जिंकल्यावर जे गाणे वाजेल, त्याचे शब्द त्याला आदल्या रात्री पाठ करून ठेवायला सांगा.