फेल व्हायची भीती कशी घालवायची? हॉल तिकीट येऊनही परीक्षेला न बसलेल्या मुलाला उत्तर

वय 23 लिहिलंयस म्हणून अरेतुरे करतो, राग मानू नको, माझी थोरली तुझ्याच वयाची आहे. तुझा प्रश्न थोडक्यात असा की गाव नंदगडकडचं (कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यातलं), बीकॉम झालंय, बँक क्लार्कचा फॉर्म दोन वर्षं भरलास, दोन्ही वेळा हॉल तिकीट आलं, दोन्ही वेळा बेळगावपर्यंत आलास आणि सेंटरवर न जाता परत फिरलास, घरी सांगितलंस की पेपर अवघड गेला, आणि मला लिहिलंस की "ऐनवेळी अभ्यासच झाला नव्हता". आता विचारतोयस ही भीती कशी घालवू, आणि खाली हळूच लिहिलंयस की "डायरेक्ट युपीएससीच करावी का, नाहीतर मामाच्या दुकानात बसावं."

खरं सांगू, ती शेवटची ओळ वाचली आणि मला पटकन कळलं हे प्रकरण काय आहे ते.

माझी थोरली सायकॉलॉजी घेऊन एमए करते, तिच्या नोट्स चाळायची मला सवय आहे. त्यात अ‍ॅटकिन्सन आणि लिटविन म्हणून दोघांचा 1960 चा एक प्रयोग आहे. कॉलेजच्या पोरांना खुंटीवर रिंगा टाकायला दिल्या, जत्रेत असतात तशा, आणि सांगितलं की 1 फुटापासून 15 फुटांपर्यंत कुठंही उभं राहून टाका. ज्यांना जिंकायची हौस जास्त आणि परीक्षेची धास्ती कमी, ती पोरं मधल्या अंतरावर जास्त उभी राहिली, जिथनं लागेलही आणि चुकेलही. धास्तीवाली पोरं त्यामानानं मधली जागा टाळत होती. का, तर अगदी जवळनं चुकायचा प्रश्नच नाही आणि अगदी लांबनं चुकलं तर कोण नाव ठेवणार? आता तुझं बघ. मामाचं दुकान म्हणजे 1 फूट, युपीएससी म्हणजे 15 फूट, लाखो पोरं फॉर्म भरतात आणि घेतात हजाराच्या आसपास, तिथं नाही झालं तर गावात कोणी हसत नाही, उलट "पोरगं युपीएससी करतंय" म्हणून मान मिळतो. मधलं जे आहे, जे तुला जमण्यासारखं आहे, तिथनंच तू पळालास. युपीएससी करू नको असं मी म्हणत नाही, पण क्लार्कच्या पेपरापासनं पळायला म्हणून करू नको.

आता पेपरात फेल होण्याचा रुपयांत हिशोब करू. फी जनरलला 850. बसभाडं, चहा-नाष्टा. प्रिलिम तासाभराची, 100 प्रश्न, 100 मार्क, चुकीच्या उत्तराला पाव मार्क कटतो, आणि प्रिलिमचे मार्क फायनल मेरिटमध्ये धरतच नाहीत, मेन्सला जायला मिळतं एवढाच त्याचा उपयोग. वयाची अट 20 ते 28, म्हणजे तुझ्या हातात अजून बऱ्यापैकी वर्षं आहेत. पेपर देऊन फेल झाला असतास तरी एवढंच गेलं असतं, आणि न देता पण तेवढंच गेलंय की. वर पेपर कसा असतो, आपण कुठं कमी पडतो हे कळलं नाही ते वेगळंच.

मग भितोस कुणाला? पेपराला नाही रे. स्टँडवर, लग्नात, जत्रेत भेटून "काय करूलास रे सध्या?" विचारणाऱ्यांना भितोस. त्याच नोट्समध्ये बर्ग्लास आणि जोन्स यांचा 1978 चा दुसरा प्रयोग आहे, तो तर भारी आहे. पोरांना आधी सुटूच न शकणारी कोडी दिली आणि वर सांगितलं की वा, छान सोडवलीस. आता पोराला माहीत असतं की आपण अंदाजपंचे टिक केलंय. मग म्हणाले पुढच्या टेस्टआधी एक गोळी निवडा, एकीनं डोकं चांगलं चालतं, दुसरीनं मंद होतं. तर त्यातल्या बऱ्याच मुलांनी मंद करणारी घेतली (मुलींमध्ये तसं फारसं दिसलं नाही, हे थोरली मला मुद्दाम वाचून दाखवते). म्हणजे मार्क कमी पडले तर दोष गोळीचा, आपली हुशारी शाबूत. तुझं ते "ऐनवेळी अभ्यासच झाला नव्हता" ही तीच गोळी आहे. सेंटरवर न जाणं म्हणजे तर अख्खी बाटलीच.

मी बेळगावच्या उद्यमबागला एका फौंड्रीत, म्हणजे लोखंड ओतायच्या कारखान्यात, क्वालिटीला आहे, म्हणून ही गोष्ट मला जास्त जाणवते. आमच्याकडं रिजेक्शन निघालं नाही असा दिवस नसतो. शॉट ब्लास्टिंग, फेटलिंग (म्हणजे साफसफाई आणि घासणं) झालं की कास्टिंग, म्हणजे ओतलेला पार्ट, टेबलावर येतं, त्यात ब्लो होल (गॅसनं पडलेलं भोक) दिसलं, कोल्ड शट (रस नीट न जुळल्यानं राहिलेली भेग) दिसलं की लाल पेंट मारायचा आणि बाजूच्या ट्रॉलीत टाकायचं. शीटवर लिहायचं पार्ट नंबर, हीट नंबर (भट्टीतला कितवा रस), डिफेक्ट, कारण. ब्लो होल असेल तर वाळूत ओल जास्त झाली होती का, गॅस जायला वाट होती का ते बघायचं. कोल्ड शट असेल तर धातू थंड पडला होता का, बिडाचा रस साधारण 1350-1400 डिग्रीला ओतायचा असतो, लेडल (रस ओतायचं भांडं) फिरवता फिरवता शेवटच्या साच्यांपर्यंत तो उतरतो. मग वाळूची ओल बदला, नाहीतर ओतायचा वेग बदला, आणि ट्रॉलीतला माल परत भट्टीत. मोल्डर, म्हणजे साचा करणारा, कसला माणूस आहे, त्याच्या घरचे काय म्हणतील, असला कॉलम त्या शीटवर नसतो. ओरडाआरडा होतो, नाही असं नाही, पण भीतीनं कोणी साचाच ओतला नाही असं मी तरी बघितलेलं नाही.

तुझी शीट तशीच कर. यंदाचा फॉर्म निघायची वाट बघत बसू नको, रविवारी सकाळी मोबाईल घरात ठेवून तासाचं घड्याळ लावून जुना पेपर सोडव, अभ्यास झालेला नसताना सोडव, हे महत्त्वाचं. मार्क घाण येतील. येऊदेत. इंग्लिश किती, गणित किती, रीझनिंग किती, वेळ कुठं गेला, कुठं अंदाजानं टिक करून पाव-पाव मार्क घालवलेस, हे वहीत लिही. दर रविवारी. काही आठवड्यांनी ते कमी मार्क बघून पोटात गोळा यायचा बंद होतो, कारण ते रोजचंच होतं. खऱ्या पेपराला मित्राला सोबत घे, त्याला सांगून ठेव की मला गेटच्या आत ढकलल्याशिवाय परत जायचं नाही. गावभर सांगू नको, एकाला सांग. आणि बाबांना तेवढं खरं सांगून टाक, एक संध्याकाळ शिव्या बसतील, पण त्या खोट्याचं ओझं घेऊन तिसऱ्यांदा सेंटरवर जाणं अजून अवघड आहे.

हे सगळं करूनही गेटवर छाती धडधडून घाम फुटत असेल, आदल्या रात्री झोपच लागत नसेल, जेवण जात नसेल, तर मग नुसत्या गप्पांनी भागणार नाही. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा 14416 नंबर आहे, सरकारी, फुकट, मराठीत बोलता येतं. प्रत्यक्ष दाखवायचं तर धारवाडला डिमहान्स हे मानसिक आजारांचं सरकारी हॉस्पिटल आहे, बेळगावहून सकाळी जाऊन संध्याकाळी परत येता येतं. त्यात लाजण्यासारखं काही नाही, गुडघा दुखला तर जातोसच की.

राहिलं कन्नड. "भाषेच्या परीक्षेत कन्नड चुकलं तर" असं पण लिहिलंयस. अरे, आधी पेपर तरी दे! पण ती भीती घालवायला खानापूरच्या बससारखी जागा नाही. उद्या चढलास की मराठीत न बोलता कंडक्टरला म्हण, "नंदगडक्क ओंद टिकेट कोडरी," म्हणजे नंदगडला एक तिकीट द्या. हसला तर हसू दे, तिकीट देतोच तो. सुट्ट्या पैशांवरनं वाद झाला तर अजून चांगलं, दोन वाक्यं जास्त बोलायला मिळतील.