पटकथा-शंका : जगबुडीला २१ दिवस, आणि प्रेमात पडायचंय

प्रश्न : माझ्या प्रेमकथेत १० किलोमीटर रुंदीचा लघुग्रह २१ दिवसांनी पृथ्वीवर आदळणार आहे. पहिल्याच आठवड्यात नायक-नायिका गच्चीवरून आकाशातला तो आगीचा गोळा बघतात. मित्र म्हणतो, हे साफ खोटं. खरं काय दिसेल?

उत्तर : मित्राचं बरोबर आहे. सेकंदाला २० किलोमीटर वेग धरला, तर २१ दिवस आधी तो ३ कोटी ६० लाख किलोमीटर लांब असतो. दुर्बिणीशिवाय दिसायचा नाही. नुसत्या डोळ्यांना तो शेवटच्या दोन-तीन दिवसांत दिसू लागेल, तोही मिणमिणत्या ठिपक्यासारखा. चंद्राइतक्या अंतरावर आला की उरतात ५ तास २० मिनिटं, आणि तेव्हाही तो फार तर ठळक तारा. थाळीसारखा आकार शेवटच्या अर्ध्या तासात. ज्वाळा वातावरणात शिरल्यावरच, आणि तिथून जमीन पाच-दहा सेकंदांवर. शिवाय थेट आपल्यावरच येणारी वस्तू ताऱ्यांमध्ये जवळजवळ जागची हलत नाही. सूर्याच्या बाजूने आली तर रात्री दिसतच नाही. २०१३ मध्ये रशियात चेल्याबिन्स्कवर फुटलेला सुमारे २० मीटरचा दगड असाच कुणाला न कळता आला.

विनोदी सिनेमाला हे वरदानच आहे. गच्चीचा प्रसंग ठेवा, गोळा काढा. ‘तो कुठला?’ यावरून दोघांना भांडू द्या. ती तासभर ज्याच्याकडे बघून हळवी होते, तो गुरू ग्रह निघतो.

प्रश्न : मध्यंतरापर्यंत लोक हसतात, पुढे नुसती रडारड. कुठे चुकतंय?

उत्तर : बहुधा तुमचे विनोद जगबुडीवरच बेतलेले आहेत. लुटालूट, बेफाम पार्ट्या, नोकरीवर लाथ, हा माल पंचवीस-तीस पानांत संपतो (एक पान म्हणजे पडद्यावर साधारण एक मिनिट). टिकतो तो सवयींचा विनोद. बाविसाव्या दिवसानंतरची एखादी तारीख कथेत घुसवा : दाताची कॅप बसवायला डॉक्टर पुढच्या महिन्यातली वेळ देतात, आणि नायक ती निमूटपणे डायरीत लिहून घेतो. हसूही तिथेच आहे आणि कळही. वेगळा रडका प्रसंग लागत नाही.

प्रसंगांची कार्डं दोन रंगांत (एक हसवणाऱ्यांचा, एक रडवणाऱ्यांचा) करून भिंतीवर लावा. सलग तीन एकाच रंगाची आली, तर मधलं पुन्हा लिहा. ‘उरले इतके दिवस’ ही पाटी चार-पाचदाच, आणि तीही विनोदाच्या आधी. विनोदाच्या पाठोपाठ आली की आलेलं हसू घशातच अडकतं. प्रेमाची कबुली ऐंशीव्या पानाआधी नको, नाहीतर पुढे दोघांना निरोपाखेरीज बोलायला काही उरत नाही. तोवर त्यांना एखादं फालतू पण मुदतीचं काम द्या : कुणाचं तरी मांजर पोचवणं वगैरे.

प्रश्न : निर्माते म्हणतात, शेवटी जग वाचवा.

उत्तर : २१ दिवसांत जमणार नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये नासाचं डार्ट यान सुमारे १६० मीटरच्या डिमॉर्फस या लघुग्रहावर मुद्दाम आदळवलं, तेव्हा डिमॉर्फसचा वेग सेकंदाला जेमतेम तीन मिलिमीटरने बदलला. तुमचा लघुग्रह आकारमानाने त्याच्या अडीच लाख पट. वाचवायचंच तर इशारा कित्येक वर्षं आधी हवा, पण मग हे दोघे एकमेकांना भेटायची घाई कशाला करतील?