वाचकांचे प्रश्न : क्रू जंक्शनवर वही घेऊन उभी असलेली माणसे

प्रश्न : मी मध्य रेल्वेतून निवृत्त झालो आहे. माझा मुलगा मँचेस्टरला असतो आणि उन्हाळ्यात मी त्याच्याकडे जाणार आहे. त्याच्या सांगण्याप्रमाणे जवळच्या क्रू स्थानकाच्या फलाटांच्या टोकाशी काही माणसे वही आणि दुर्बीण घेऊन तासन्‌तास उभी असतात. ही माणसे नेमके काय टिपतात? त्यासाठी क्रूच का? आणि माझ्यासारख्या पाहुण्याला तेथे उभे राहता येईल का?
— एक वाचक, भुसावळ

उत्तर : ही माणसे गाड्यांचे क्रमांक टिपतात. ब्रिटनमध्ये या छंदाला ट्रेनस्पॉटिंग म्हणतात, आणि त्याचा पाया असा आहे की प्रत्येक इंजिनाला स्वतःचा क्रमांक असतो, तो क्रमांक स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचा असतो आणि छापील यादीत त्याच्याखाली रेघ मारायची असते. एखाद्या मालिकेतील सर्व इंजिने पाहून होईपर्यंत ती यादी अपुरी राहते, आणि शेवटची दोन-तीन इंजिने गाठण्यासाठी लोक देशाच्या दुसऱ्या टोकापर्यंत प्रवास करतात.

क्रमांक लिहिण्याची आवड फार जुनी आहे, पण तिला आजचे रूप दिले ते इयन ॲलन यांनी. ते सदर्न रेल्वेच्या लंडनमधील वॉटर्लू येथील कार्यालयात नोकरीला होते आणि इंजिनांविषयी चौकशी करणाऱ्या पत्रांना उत्तरे देऊन कंटाळले होते. सर्व इंजिनांची एक पुस्तिकाच छापावी, ही त्यांची सूचना वरिष्ठांनी मान्य केली नाही, तेव्हा १९४२ साली त्यांनी ती स्वतः छापली. किंमत होती एक शिलिंग. युद्धाच्या काळातही ती हातोहात खपली, इतर रेल्वे कंपन्यांच्या इंजिनांच्या पुस्तिका पाठोपाठ आल्या, आणि पुढची दोन-अडीच दशके ब्रिटनमधील शाळकरी मुलांच्या खिशात ‘एबीसी’ या नावाची ही पुस्तिका असे. १९४४ साली टॅमवर्थ येथे रुळांवर गेलेल्या काही मुलांवर कारवाई झाली, तेव्हा ॲलन यांनी या मुलांसाठी क्लब काढला आणि रेल्वेच्या हद्दीत विनापरवाना शिरणार नाही, अशी शिस्त सदस्यांना घालून दिली. या छंदाला रेल्वेने फलाटावर जागा दिली, त्याचे मोठे श्रेय मी या शिस्तीला देतो.

आता क्रूविषयी. लंडनच्या यूस्टन स्थानकापासून १५८ मैलांवर, म्हणजे सुमारे २५४ किलोमीटरवर असलेले हे जंक्शन ४ जुलै १८३७ रोजी सुरू झाले. तेव्हा तेथे गाव असे नव्हतेच. रेल्वे आली, १८४३ मध्ये इंजिनांचा कारखाना आला, आणि मग शहर वसले. त्या कारखान्यातून सात हजारांहून अधिक इंजिने बाहेर पडली. भुसावळचे आयुष्य रेल्वेभोवती कसे उभे राहिले हे आपण जवळून पाहिले आहे, त्यामुळे क्रूचा स्वभाव आपल्याला लवकर कळेल. आज तेथे बारा फलाट आहेत आणि लंडन, मँचेस्टर, लिव्हरपूल-स्कॉटलंड, चेस्टर, श्रूजबरी व स्टोक अशा सहा दिशांना मार्ग फुटतात. अनेक कंपन्यांच्या गाड्या एकाच जागी उभे राहून दिसाव्यात, हीच स्पॉटरची मुख्य गरज असते आणि ती क्रूइतकी चांगली भागवणारी स्थानके थोडी आहेत. लंडनच्या क्लॅपम जंक्शनवर गाड्यांची संख्या कितीतरी जास्त आहे, पण त्या बहुतेक उपनगरी आहेत. माझी पसंती विविधतेला आहे, म्हणून मी क्रूच सुचवीन.

क्रमांक वाचण्याची रीत समजली की निम्मे काम झाले. भारतीय इंजिनावर त्याच्या शेडचे, म्हणजे देखभालीच्या ठिकाणाचे, नाव रंगवलेले असते, त्यामुळे ते कल्याणचे की अजनीचे हे आपण चटकन सांगता. ब्रिटनमध्ये मुख्य माहिती क्रमांकातच असते. १९७० च्या दशकाच्या आरंभी लागू झालेल्या पद्धतीनुसार इंजिनाचा क्रमांक पाच आकडी असतो आणि पहिले दोन आकडे त्याचा वर्ग सांगतात. ६६००१ म्हणजे ६६ वर्गाचे पहिले इंजिन. साधारणपणे ७० पर्यंतचे वर्ग डिझेलचे, तर ८० च्या पुढचे विजेचे किंवा वीज व डिझेल या दोन्हींवर चालणारे असतात. इंजिन आणि डबे एकत्र असलेल्या गाड्यांचे क्रमांक सहा आकडी असून त्यात पहिले तीन आकडे वर्गाचे असतात. वळणावर झुकणाऱ्या पेंडोलिनो गाड्या ३९० वर्गाच्या आहेत, आणि त्या ताशी १२५ मैलांपर्यंत धावतात.

६६ वर्गाकडे आपण विशेष लक्ष द्यावे, असे मला मनापासून वाटते. १९९८ पासून ही इंजिने कॅनडातून ब्रिटनमध्ये आली, त्यांची संख्या चारशेच्या वर गेली आणि मालवाहतुकीचा बराचसा भार त्यांनी उचलला. जुन्या निरीक्षकांना ती फारशी आवडत नाहीत, कारण त्यांच्या आगमनाने अनेक जुने वर्ग रुळांवरून गेले. आपल्याला मात्र त्यांचा आवाज ओळखीचा वाटेल. आपल्याकडच्या मालगाड्यांच्या डब्ल्यूडीजी-४ या डिझेल इंजिनात अमेरिकी बनावटीचे ७१० घराण्याचे सोळा सिलिंडरांचे डिझेल यंत्र असते, आणि ६६ मध्ये त्याच घराण्याचे बारा सिलिंडरांचे. फेलिक्सटो बंदराकडून मँचेस्टरच्या ट्रॅफर्ड पार्ककडे जाणाऱ्या कंटेनर गाड्यांवर अशी इंजिने पाहायला मिळतात.

येथे एक सूचना आवश्यक आहे. स्थानकाच्या दक्षिणेला बॅसफर्ड हॉल नावाचे मोठे मालयार्ड आहे, आणि तेथून स्थानकाला बगल देऊन जाणारे स्वतंत्र मार्ग आहेत. बऱ्याच मालगाड्या त्या मार्गांनी निघून जातात आणि फलाटावरून दिसतच नाहीत. तेव्हा तासभर एकही मालगाडी आली नाही, तरी वाहतूक मंदावली असे समजू नये. मालगाड्यांसाठी कामाचे दिवस चांगले. रविवारी मार्गदुरुस्तीची कामे निघतात आणि वेळापत्रक विस्कटते.

उत्तर टोकाकडून रेल्वे वारसा केंद्राच्या आवारातील एपीटी ही झुकणारी प्रायोगिक गाडी दिसते. डिसेंबर १९८१ मध्ये ती प्रवाशांसाठी धावली, पण तांत्रिक अडचणींमुळे लगेच मागे घ्यावी लागली. जवळून पेंडोलिनो जाताना या जुन्या गाडीकडे अवश्य पाहावे, कारण जे तंत्र त्या काळी याच मार्गावर स्थिरावू शकले नाही, ते आता येथे रोज चालते.

उभे राहण्याविषयी म्हणाल, तर पाहुणा असल्याने काहीच अडत नाही. आल्यावर कर्मचाऱ्यांना आपला हेतू सांगावा, फलाटावर जाण्यासाठी काय लागते ते विचारून घ्यावे, आणि सकाळ-संध्याकाळच्या गर्दीच्या वेळा टाळाव्यात. पिवळ्या रेषेच्या मागेच थांबावे.

प्रश्न : ब्रिटनमधील स्थानकांवर छायाचित्रे काढता येतात का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : स्वतःच्या संग्रहासाठी काढता येतात. फ्लॅश मात्र फलाटावर कधीही वापरू नये, कारण त्याने चालकाचे व गाडी सोडणाऱ्या कर्मचाऱ्याचे लक्ष विचलित होते. तिपाईचे पाय पिवळ्या रेषेच्या मागे हवेत आणि गर्दीच्या स्थानकात तिपाईला नकारही मिळू शकतो. सुरक्षेच्या कॅमेऱ्यांची छायाचित्रे काढू नयेत. रेल्वे कर्मचाऱ्यांच्या चमकदार जाकिटांसारखे कपडेही घालू नयेत, कारण चालकाची त्यावरून गल्लत होऊ शकते.

प्रश्न : आता कोणती गाडी कोठे आहे हे फोनवर कळते. मग हाताने क्रमांक लिहिण्यात काय अर्थ उरला?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : फोनचा उपयोग आहेच, आणि आजचे बहुतेक स्पॉटर तो करतात. ब्रिटनमध्ये गाड्यांच्या धावण्याची माहिती खुली असल्याने रिअलटाइम ट्रेन्ससारख्या संकेतस्थळावर मालगाड्यांचे वेळापत्रकही पाहता येते. प्रत्येक फेरीला चार अक्षरांचा संकेत असतो. त्यात पहिला आकडा १ असेल तर ती जलद प्रवासी गाडी, २ असेल तर सगळीकडे थांबणारी, ५ म्हणजे रिकामे डबे, ४ किंवा ६ म्हणजे मालगाडी आणि ० म्हणजे एकटे इंजिन. पण मालगाडीच्या बाबतीत हा संकेत फेरीचा असतो, आणि आज त्या फेरीला प्रत्यक्षात कोणते इंजिन जोडले आहे हे बहुधा फलाटावरचा माणूसच सांगतो.

या नोंदींची किंमत कधीकधी फार उशिरा कळते. १९४८ साली रेल्वेचे राष्ट्रीयीकरण झाले तेव्हा ब्रिटनमध्ये वीस हजारांहून अधिक वाफेची इंजिने होती, आणि ऑगस्ट १९६८ मध्ये मुख्य मार्गांवरील त्यांची नियमित सेवा संपली. एवढी इंजिने कोणत्या भंगारवाल्याकडे, केव्हा तोडली गेली, याच्या कागदोपत्री नोंदी अनेक ठिकाणी अपुऱ्या किंवा चुकीच्या निघाल्या. त्या दुरुस्त करताना अभ्यासकांना त्या काळातील मुलांच्या वह्यांचा आधार घ्यावा लागला. वेल्समधील बॅरी येथील वुडहॅम यांच्या भंगार आवारातून २१३ इंजिने पुढे जतनासाठी बाहेर काढण्यात आली. तेथील गंजणाऱ्या रांगांमधून क्रमांक लिहीत फिरणाऱ्या हौशी मंडळींमुळे ती इंजिने लोकांच्या नजरेसमोर राहिली, असे माझे मत आहे.

म्हणून वही ठेवावीच, आणि नुसता क्रमांक लिहून थांबू नये. तारीख, वेळ, स्थानक, गाडीची दिशा, फेरीचा संकेत, आणि एकाहून अधिक इंजिने असतील तर त्यांचा क्रम, एवढे तरी एका ओळीत यावे. क्रमांक नीट दिसला नसेल तर अंदाजाने भरू नये, ती जागा कोरी सोडावी. छापील यादीत रेघ मारण्याचे काम घरी येऊन, वही समोर ठेवून करावे.